उंच केलेली जीप

आमच्या बाबांनी उभ्या आयुष्यात एकच गोष्ट मनापासून, वेळ घेऊन निवडली, आणि तीच त्यांच्या जिवावर बेतली.

उमरेडच्या पुढच्या आमच्या गावात त्यांनी घरातला हातमाग विकून लष्कराच्या लिलावातली जुनी जीप घेतली होती, चारही चाकांना जोर लागणारी. मागावर पोट भरेनासं झालं होतं आणि कोळशाच्या ठेकेदाराला माणसं ने-आण करायला गाडी हवी होती. त्याच सुमाराला आईच्या मणक्याला क्षयाने धरलं. छातीपासून कमरेपर्यंत प्लास्टर घातलेल्या तिला नागपूरला मेडिकलच्या सरकारी दवाखान्यात न्यावं लागे. ट्रकांनी रस्त्यात इतक्या खोल चाकोऱ्या पाडल्या होत्या की मधल्या उंचवट्यावर जीपचं पोट अडकायचं. मग सगळ्यांनी उतरून ढकलायचं. प्रत्येक हिसक्याला आई डोळे मिटून घ्यायची. ती ओरडायची नाही, याचाच मला राग यायचा.

शेवटी जीप उंच करायचं ठरलं. तयार सामान तेव्हा कुठे मिळत होतं? नागपुरातले मेकॅनिक ट्रकच्या भंगारातून जुळवाजुळव करायचे. मी नागपूरलाच मामाकडे राहून बी.ए. करत होते, म्हणून गॅरेजमध्ये बाबांसोबत गेले. मेकॅनिकने सरळ सांगितलं.

"भाऊ, स्प्रिंगचे पाटे वाढवले तं गाडी उठन, पण दगडावानी कडक होईन. पाट्याच्या टोकाच्या कड्या लांब लावल्या तं उठनई आन् मऊई राहीन. फक्त डोलन जास्त."

बाबा दोनदा नुसते पाहून परत गेले. तिसऱ्या खेपेला मागावरच्या ताण्यावरून फिरवावा तसा पाट्यांवरून हात फिरवत बराच वेळ बसले, आणि लांब कड्या लावा म्हणाले. गॅरेजमधले दोघं-तिघं हसले. कोळशाच्या रस्त्यावर लोक कडक पाटेच टाकायचे.

कड्या बसल्यावर बाबांनी आईला गॅरेजवर आणून मागे गादीवर बसवलं, तिच्या हातात पाण्याने काठोकाठ भरलेला गडवा दिला आणि गॅरेजसमोरच्या खड्ड्यांतून जीप नेऊन आणली.

"सांडलं का वं?"

"नाही जी."

"थेंबभरई नाही?"

"नाही."

बाबा इतके खूश झाले की समोरच्या ठेल्यावर सगळ्यांना पोहे खाऊ घातले. गाडीत आई आणि ते दोघंच होते आणि रस्ता सरळ होता, हे कोणाच्या डोक्यात आलं नाही. माझ्याही नाही.

आमच्याकडे बाजाराच्या दिवशी वाटेत उभ्या माणसाला गाडीत न घेणं म्हणजे त्याच्याशी जन्माचं वैर घेणं. अशाच एका बाजाराच्या दिवशी आईला दाखवून परत येत होतो. मी तिचं डोकं मांडीवर घेऊन मागे बसले होते. उमरेड सोडल्यावर हात दिसेल तिथे बाबा थांबत गेले. माणसं आत कोंबली, मग मागच्या फळीवर उभी राहिली, दोघं चाकांवरच्या पत्र्यावर बसले. कालव्याच्या वळणावर जीप डावीकडे कलली. बाबांनी ती सावरली, तशी उजवीकडे गेली, आणि गेली ती गेलीच. फळीवरचे उड्या मारून सुटले. आई आणि मी गादीसकट शेतात पडलो. बाबा जीपखाली राहिले.

तेरवीच्या पंगतीत एक गृहस्थ भात कालवत म्हणाले, "बायकोचे लाड नडले. कडक पाटे टाकाले पाहिजे होते."

मी वाढायला उभी होते. "तुम्ही त्या दिवशी फळीवर उभे होते ना?" मी विचारलं. त्यांनी वरण मागितलं. मी वरणाचं भांडं तिथेच ठेवून निघून आले. त्या माणसाबद्दल मनात आजही विष आहे, आणि ते उतरावं असं मला वाटत नाही.

जीप विकली. पुढे आईचं प्लास्टर निघालं, तरी तपासणीला नागपूरला यावंच लागे, आता एसटीने. तिची पाठ बघून कंडक्टर पुढची जागा द्यायचा. ती मुकाट्याने मागे जायची आणि शेवटच्या बाकावर, जिथे सगळ्यात जास्त गचके बसतात, तिथे बसायची. एकदा मी चिडलेच.

"आई, काहून असे हाल करून राहिली? पुढं बस ना."

ती म्हणाली, "त्याहिनं माह्या हाती गडवा देल्ला. पाणी सांडलं का, ते विचारलं. कडक गाडी तुले सोसन का, हे मले कोणी विचारलंच नाही वं. मी सोसली असती."

बस जोरात आदळली. तिने समोरच्या बाकाचा दांडा धरला, आणि कालव्याचं वळण मागे पडेपर्यंत सोडला नाही.