लख्ख घासलेला तोडा

वर्दी उतरल्यावर मी केलेला एकच तपास, पण तो अजून डोळ्यांपुढून हलत नाही. हाताखाली हवालदार नाही, स्टेशन डायरी नाही, हद्द तर परमुलखाची. दुबईला लेकीकडे राहायला आलो होतो, आणि खबर घेऊन आले ते खुद्द जावई.

जावई मेंटेनन्स कंपनीत मॅनेजर. ऑफिसातून आल्या आल्या त्यांनी रुमालात गुंडाळलेला, पायात घालायचा चांदीचा तोडा माझ्यापुढे ठेवला.

"बाबा, आमच्या एका प्लंबरच्या उशीखाली मिळाला. रूममेटने पाहिला आणि मला सांगितलं. ज्या व्हिलात हा परवा काम करून आला, तिथल्या मॅडमच्या आजीचा तोडा गेलाय. उद्या त्यांना उत्तर द्यायचंय. केस झाली तर जेल, मग डिपोर्ट. खलास!"

"तो काय म्हणतो?"

"देऱ्याच्या बाजारात विकत घेतला म्हणतो. दुकान दाखव म्हटलं तर आठवत नाही म्हणतो."

"म्हणजे खोटं बोलतोय. पण खोटं बोलणारा प्रत्येक जण चोर नसतो, जावईबापू. बोलवा त्याला."

संगमेश्वरकडचा, तिशीतला गडी. आला तो घामाने निथळत. मी आधी त्याला चहा पाजला. घाबरलेल्या माणसाला दम दिला की तो आणखी खोटं बोलतो, हे उभ्या नोकरीत पाहिलंय. मग सहज विचारल्यासारखं विचारलं, "तोडा एवढा लख्ख कसा रे?"

"रांगोळीने घासला, साहेब. आई देवाची चांदी घासते ना, तसा."

"दुकानातून आणलेला माल घासावा लागतो?"

गडी रडायलाच लागला. समुद्रकाठच्या फुजैऱ्याला त्याचा गाववाला असतो, त्याच्याकडे जमिनीतला धातू शोधायचं यंत्र. सुट्टीला दोघे किनाऱ्यावर हौसेने फिरायचे. तिथे वाळूत हा तोडा सापडला, काळाकुट्ट. इथे जुनी वस्तू सापडली की सरकारला कळवावी लागते, हे त्याला नंतर कळलं आणि त्याची पाचावर धारण बसली. म्हणून दुकानाची थाप.

"अरे गाढवा, वाळूतून निघाला याचा पुरावा म्हणजे ते काळं पुट! तेच घासून टाकलंस?" मला खरोखर संताप आला.

मॅडमनी घाईत 'हाच' म्हटलं तर गडी आत जाणार, म्हणून त्यांना दाखवण्याआधी सकाळी आम्ही तिघे देऱ्यात जुनी चांदी घेणाऱ्या एका म्हाताऱ्या गुजराती व्यापाऱ्याकडे गेलो. त्याने भिंगातून तोडा फिरवून फिरवून पाहिला. ठोके हाताचे, पत्रा कुठे जाड, कुठे पातळ. बिजागरीची खीळ वापरून झिजलेली. सोनं आलं तशा इथल्या बायका ही चांदी घालेनाशा झाल्या, असं तो म्हणाला. "साठ-सत्तर साल पुराना तो होगा. पक्का साल जो बोले वो झूठा, साब."

जावयांनी माझ्याकडे पाहिलं. आजीच्या तोड्याशी वय जुळत होतं, म्हणजे संशय वाढलाच!

असे तोडे आतून पोकळ असतात, चालताना वाजावेत म्हणून आत खडे घालतात, असं म्हातारा सांगत होता. मी तोडा कानाशी नेऊन हलवला. आवाज नाही.

"मग हा वाजत का नाही?"

म्हाताऱ्याने तोडा घेऊन स्वतःच्या कानाशी हलवला. मी टेबलावर कोरा कागद पसरला, जावयांना पंच म्हणून जवळ उभं केलं आणि म्हाताऱ्याला सांध्याच्या फटीत तार घालायला सांगितली. दोन-तीनदा टोचल्यावर घट्ट बसलेली वाळू भुरुभुरु पडू लागली. त्यात शिंपल्यांचा चुरा. फटीच्या आतली चांदी काळीठिक्कर, तिथे रांगोळी पोचलीच नव्हती. कपाटातल्या दागिन्यात समुद्र कुठून येणार?

व्हिलातल्या मॅडमनीही तोडा पाहताच नकारार्थी मान हलवली. त्यांचा हा नव्हताच. मग गड्याला घेऊन तोडा सरकारजमा केला. त्याने घडलं ते सगळं सांगितलं. तिथल्या अधिकाऱ्याने समज दिली आणि सोडलं.

गुन्हेगार पुरावा पुसतो तो विचार करून. निर्दोष माणूस तोच पुरावा हौसेने पुसून टाकतो, कारण आपल्यावर कधी आळ येईल हे त्याच्या मनातच नसतं.

बाहेर आल्यावर जावई त्याला म्हणाले, "उद्यापासून ये कामावर."

"कामाचं नंतर, सर," तो म्हणाला. "आधी माझ्या रूमवर चला. सगळे मला चोर म्हणतायत. माझं कोणी ऐकणार नाही, तुमचं ऐकतील."

जावई लगेच गाडीत बसले. देऱ्यातल्या त्याच्या कोंदट खोलीत, सगळे जेवायला बसलेले असताना, त्यांनी सांगितलं, "याने चोरी केलेली नाही. चूक माझी झाली." कोणीतरी सरकून गड्याला पंगतीत जागा करून दिली. आळ चारचौघांत आला तर तो चारचौघांतच फिटला पाहिजे, हे मला तिथे उंबऱ्यात उभं राहून कळलं.