जीभ कुठं टेकली?

आपण काय करतोय याबद्दल इतका ठाम आणि तरीही इतका गोंधळलेला माणूस माझ्या मेव्हण्याशिवाय उभ्या कोल्हापुरात दुसरा नसेल. मेकॅनिकलची पदवी घेऊन तो शिरोलीच्या एका फाउंड्रीत छान चिकटला होता. एके दिवशी नोकरी सोडून घरी आला आणि म्हणाला, ज्यांना बोलता येत नाही त्यांना बोलतं करायचं, म्हणजे स्पीच थेरपीचं, पुढचं शिक्षण मी घेणार. सासऱ्यांनी त्यातला ‘स्पीच’ एवढाच शब्द धरला आणि गल्लीभर सांगितलं, “पोरगं भाषणाचा कोर्स करतंय.” झालं! तालमीच्या कार्यक्रमाला त्याला प्रमुख वक्ता म्हणून बोलावणं आलं.

प्रवेशाचं गणित तर कुणालाच सुटेना. एका कॉलेजनं सांगितलं, बारावीनंतरच्या पहिल्या वर्षापासून सुरुवात करा. परदेशातल्या एकानं कळवलं, पदवी कुठलीही चालेल, पण आधी पायाचे विषय पुरे करा. मेव्हण्यानं ड्रॉइंग शीटवर बाणांचा तक्ता काढला. सगळे बाण फिरून पहिल्याच चौकटीत येत. “दाजी, ह्यातनं भाईर पडायची वाट कुठं हाय?” मी तक्ता उलटा धरूनही पाहिला.

शेवटी पायाचे विषय ऑनलाइन सुरू झाले, ते आमच्या तोंडांवर. जेवताना तो समोरच्याच्या ओठांकडे टक लावून बघे. पाहुणे मिशा पुसून हैराण होत. माझी बायको भाजीवाल्याशी घासाघीस करत असताना हा तिच्या गळ्याला दोन बोटं लावून म्हणे, “ताई, आता ‘ग’ म्हण.” मला विचारे, “दाजी, ‘ळ’ म्हणताना जीभ कुठं टेकली?” तेव्हापासून मला मिसळ मागवायचीही चोरी झाली.

“तुमचं ऐकतोय, समजवा त्याला, नोकरीवर परत जा म्हणावं,” सासऱ्यांनी मला गळ घातली. म्हणून वाटेत बोलावं या विचारानं मी त्याच्याबरोबर जवळच्या उचगावला गेलो. तिथं त्याच्या ओळखीचे एक म्हातारे शिंपी चाचा होते. अर्धांगाच्या झटक्यानंतर त्यांच्या तोंडी ‘व्हय’ एवढा एकच शब्द उरला होता.

“च्या घेणार न्हवं?” चाचींनी त्यांना विचारलं.

“व्हय.”

कप आला. मेव्हणा चाचांच्या डाव्या हाताकडे बघत होता. तो हात कप हळूच लांब सारत होता. “चाचा, नको हाय?” त्यानं विचारलं आणि थांबला. चहावर साय धरेपर्यंत थांबला. मग एका कागदावर बरोबरची खूण, दुसऱ्यावर फुली काढून त्यानं दोन्ही समोर ठेवले. चाचांनी फुलीवर बोट ठेवलं आणि ते रडायला लागले.

“अल्ला! आन् मी दिवसातनं चार-चार डाव पाजतिया की!” चाचींनी कपाळाला हात लावला.

परतताना सासऱ्यांचा निरोप माझ्या तोंडून निघेना. मेव्हणाच म्हणाला, “दाजी, म्या नोकरी सोडून बरोबर केलं का चूक, मलाबी म्हाईत न्हाई. शिकल्याबिगर कळायचं न्हाई.”

“अर्ज भर,” मी म्हणालो.

जाण्याआधी त्यानं चाचांचे उपचार शहरातल्या एका वाचातज्ज्ञ बाईंकडे सुरू करून दिले. आता तो लांबच्या देशात शिकतोय. परवा चाचा पहिल्यांदाच तोंडानं ‘नको’ म्हणाले. मी लगेच त्याला फोन करून सांगितलं. पलीकडून तो ओरडला, “दाजी, ‘न’ म्हणताना चाचांची जीभ कुठं टेकली?” मी फोन कानाला धरूनच ‘नको, नको’ म्हणून पाहिलं.