विमलबाईनं तार उपसली नाही

खजुरीत कुणाच्या डोळ्यात ज्वारीचं कुसळ गेलं की विमलबाईला हाक जायची. ती पापणी उलटायची आणि जिभेच्या टोकानं कुसळ अलगद काढायची. तिच्या घरचा चहा ज्यांना चालत नसे, त्यांना तिची जीभ डोळ्यात चालत असे. अशी ही गावाची सोय, आणि विमलबाई ती पुरती ओळखून होती.

मग एकदा तिच्या नवऱ्याच्या, नरसिंगच्या डोळ्यात बाभळीचा काटा रुतला. तिनं तो चिमटीत धरून ओढला. काट्यामागून डोळ्याच्या आतलं पाणी आलं आणि डोळा कायमचा गेला. काटा तसाच ठेवून दवाखान्यात आणायला हवं होतं, असं डॉक्टर म्हणाले. तेव्हापासून तिनं डोळ्यांचं काम सोडलं. बाईला शिष्टपणा आला, असं लोक बोलू लागले. "आला तर आला," ती म्हणायची.

परवा श्रीपतरावांच्या गोठ्यात कडबा कापायच्या कुट्टी यंत्रातून तारेचा तुकडा उडाला आणि त्यांच्या सुनेच्या, विजयश्रीच्या डोळ्यात घुसला. टोक बाहेर दिसत होतं. विमलबाईला बोलावणं गेलं.

"कामून बघत बसलीस? उपस की!" श्रीपतराव गरजले.

"न्हाई उपसणार. अन् कुनाला हातबी लावू देणार न्हाई. गाडी काढा, गुलबर्ग्याला न्या."

"माझ्याच घरात मला शिकवायलीस व्हय?"

"व्हय, शिकवायलेय. घरातला डोळा घालवून शिकलेय मी, अप्पा. तुमाला फुकट सांगायलेय, ऐका."

डोळ्यात घालायला कुणी पाण्याचा तांब्या आणला, कुणी दुधाची वाटी. तिनं सगळ्यांना हाकललं. कागदी पेला डोळ्याला टेकणार नाही असा वरून पालथा घातला, फडक्यानं बांधला आणि विजयश्रीचे दोन्ही हात धरून गाडीत बसली. पुढं बसलेले श्रीपतराव वाटभर तिच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होते. ती ड्रायव्हरला तेवढं म्हणायची, "खड्डा चुकीव बाबा."

ऑपरेशन झालं. दुसऱ्या दिवशी डॉक्टर खाटेपाशी आले. "नजर वाचेल. तार घरीच ओढली असती तर डोळा गेला असता. पेला कुणी बांधला?"

श्रीपतरावांनी खांद्यावरचं उपरणं सारखं केलं. "आमीच की. घरात जाणती माणसं हायत."

विमलबाई संतापानं उठली. पण तिच्या आधीच सासऱ्यापुढं कधी ब्र न काढलेली विजयश्री पट्टीआडून बोलली.

"न्हाई डॉक्टर. विमलअक्कानं बांधला. अप्पा तर उपस म्हनत हुते."