अक्काने काढलेली कट्टी

तीन आठवड्यांपूर्वी दुपारी चेन्नईहून वैदेहीचा फोन आला. "शशीताई, अक्का गेली," ती म्हणाली, आणि पुढे सांगू लागली, "सकाळी नर्सला विचारत होती, बाटलींतलं पाणी शिरेंत जातं तर हवा कां जात नाही? नर्सनं नीट सांगितलं. 'सरि', बरं, म्हटली आणि डोळे मिटले." मी आधी हसले आणि मग रडले. कमलाक्का शहाण्णव वर्षांची होऊन गेली. तिच्या पोटची मुलगीसुद्धा तिला अक्काच म्हणायची, कारण आख्खी गल्ली तसंच म्हणायची. बाकी काही असो, ती उत्तर मिळाल्यावर गेली, याचं मला बरं वाटलं.

एकोणीसशे पन्नासचं दशक सरत आलं होतं, मी आठ वर्षांची होते, तेव्हा बाबांची पुण्याहून मद्रासला बदली झाली आणि मैलापुरातल्या एका घराचा मागचा भाग आम्ही भाड्यानं घेतला. पुढच्या भागात कमलाक्का आणि तिचे यजमान राहत. ते शाळेत भूगोल शिकवायचे, म्हणून माझे मास्तरकाका. दोघंही तंजावरकडची मराठी माणसं, कित्येक पिढ्यांपूर्वी तिकडे गेलेली. त्यांचं बोलणं ऐकून आईला वाटे, कुणी तमिळ माणूस जुनी पोथी वाचतोय. पहिल्याच सकाळी आईनं विहिरीवर अक्काला आपलं सवयीनं विचारलं, "काय विशेष?" अक्का म्हणाली, "विशेष कांही नाही," आणि कळशी अर्धीच भरून आत गेली. आईनं दुसऱ्या दिवशी विचारलं, तिसऱ्या दिवशी विचारलं... महिन्याभरानं कुणीतरी आईला सांगितलं की इथं लग्न झालेल्या बाईला 'विशेष' विचारणं म्हणजे दिवस गेलेत का असं विचारणं. अक्काच्या लग्नाला चौदा वर्षं झाली होती. मूल नव्हतं, आणि वर गेल्या काही महिन्यांत तिचं पोट मात्र दिसायला लागलं होतं, त्यामुळे गल्लीतल्या बायका आधीच तिला छळत होत्या. आईनं कपाळावर हात मारून घेतला आणि माफी मागायला गेली. अक्कानं तिला कॉफी पाजली, आणि रागवायचं सोडून उलट विचारलं, "मग तुमच्या पुण्यांत हें कसं विचारतात गे?" तेव्हापासून दोघींचं गूळपीठ जमलं.

त्या पोटात मूल नव्हतं, हे अक्कालाही ठाऊक होतं. महिन्याचे आठ-आठ दिवस ती रक्तस्रावानं पांढरीफटक पडायची. शेवटी ती डॉक्टरकडे गेली आणि परत येऊन आईला म्हणाली, "पोटांत कट्टी आहे म्हटले." मी दाराआड उभी होते. चोरून ऐकणं हा माझा तेव्हाचा मुख्य उद्योग होता. तमिळमध्ये कट्टी म्हणजे गाठ, हे मला कुठून माहीत असणार? मला एकच कट्टी माहीत, पुण्याच्या शाळेतली, करंगळी दाखवून अबोला धरायची. मला सगळं लख्ख समजलं. अक्काच्या पोटानं तिच्याशी कट्टी घेतलीय, म्हणून तिला बाळ होत नाही! संध्याकाळी मी तिच्याकडे गेले आणि मोठ्या जाणतेपणानं सांगितलं, "अक्का, तुम्हीच आधी बट्टी करून टाका. पहिली दोन बोटं जोडून पोटाला दाखवा."

तिला काहीच कळेना. तंजावरच्या मराठीत हा खेळ पोचलाच नव्हता. तिनं मला समोर बसवून सगळं विचारून घेतलं: कट्टी किती दिवस टिकते, बट्टीला कुणी पुढाकार घ्यायचा, समोरच्यानं बोटं दाखवलीच नाहीत तर काय. मग इतकी हसली की डोळ्यांत पाणी आलं, आणि म्हणाली, "ये, आतां माझी कट्टी दाखवत्यें." कोलमचं, म्हणजे तिकडच्या रांगोळीचं, तांदळाचं पीठ घेऊन तिनं अंगणातल्या फरशीवर उलट्या पेरूसारखा आकार काढला. "ही पिशवी. ह्यांत मूल राहतं. ही तिची भिंत, आणि हे बघ, हीत कट्टी." डावीकडे वरच्या अंगाला तिनं पिठाचा एक टपोरा गोळा ठेवला. डॉक्टरांनी कागदावर काढून दाखवलं होतं, ते तिनं जसंच्या तसं लक्षात ठेवलं होतं. आई बाहेर आली, तिनं ती रांगोळी पाहिली आणि "अहो, पोरीसमोर!" म्हणत पायानं पुसायला धावली. अक्कानं तिचा हात धरला. "असूं दे. तिला उद्यां कामाला येईल."

त्या डॉक्टरांचं म्हणणं, पिशवीच काढून टाकावी, म्हणजे सगळी कटकट मिटेल. अक्का त्यांना विचारून आली, "भिंतींत गाठ आहे म्हणून घर पाडतात की?" त्यांना तो प्रश्न आवडला नाही. मग ती एका डॉक्टरीणबाईंकडे गेली. त्या म्हणाल्या, नुसती गाठ काढून भिंत शिवून बघते, पण रक्त थांबलं नाही तर पिशवी काढावीच लागेल, आणि ते पोट उघडल्यावरच कळेल. म्हणजे झोपताना अक्काला ठाऊक नसणार की उठल्यावर तिला मूल होण्याची आशा उरली असेल की नाही. तिला याचीच धास्ती होती. मास्तरकाका हळवे, त्यांना बोलता येणार नाही, रडू कोसळेल. म्हणून तिनं मला बोलावलं आणि त्यांना शिकवायला लावलं: पिशवी राहिली तर बट्टी, गेली तर कट्टी. दारातूनच दाखवायचं. भूगोलाच्या मास्तरांनी माझ्यासमोर बसून दहा वेळा गिरवलं.

शस्त्रक्रियेच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी भेटीच्या वेळेत आई मला घेऊन गेली. मास्तरकाका वॉर्डाच्या दारात उभे, आम्ही त्यांच्या मागे. अक्का तेव्हा कुठं गुंगीतून बाहेर येत होती. तिनं मान वळवली... ओठ सुकलेले, डोळे फक्त त्यांच्या हातावर. काकांनी हात वर केला आणि करंगळी दाखवली. अक्कानं तोंड भिंतीकडे फिरवलं. तिचे खांदे हलताना मी पाहिले. तशी हालचाल मी त्यापूर्वी कुणा मोठ्या माणसाची पाहिली नव्हती. आईनं माझा हात घट्ट दाबला. पण मला काकांचा चेहरा दिसत होता, आणि तो तर आनंदानं फुललेला होता! मी ओरडले, "काका, ते नाही! ती कट्टी! बट्टी कुठली?" त्यांनी गोंधळून माझ्याकडे पाहिलं, मग स्वतःच्या बोटाकडे. "अय्यो," म्हणाले, आणि दोन्ही हात वर करून दोन्हीकडची दोन-दोन बोटं जोडून नाचवू लागले. अक्का हसायला गेली, टाके दुखले, तेव्हा रडली. परिचारिका आम्हां सगळ्यांना बाहेर काढायला आली.

पण ती अर्धीच लढाई होती. बाईंनी वर्षभर थांबायला सांगितलं होतं. ते वर्ष गेलं, आणखी काही महिने गेले, आणि एका सकाळी विहिरीवर अक्कानं आपण होऊन आईला विचारलं, "काय विशेष, विचारत नाहीस की?" आईनं कळशी सोडून तिला मिठी मारली. नंतरचे महिने आम्ही सगळे जपून श्वास घेत होतो, कारण शिवलेली भिंत ताणली तर उसवेल, ही भीती बाईंनी लपवली नव्हती. अक्का भ्यायली नाही असं मी म्हणणार नाही. दुपारी एकटी बसली की तिचा हात डाव्या कुशीवर असायचा. पण भीतीपेक्षा तिची चौकसपणाची खोड मोठी. तिला जाणून घ्यायचं होतं की टाका पोटाबरोबर वाढतो का, मूल व्रणाच्या बाजूला तोंड करतं का पाठ. बाईंना ती इतकं विचारी की त्या म्हणाल्या, "तुम्हीच या शिकवायला." कळा यायच्या आधीच त्यांनी पोट उघडलं आणि वैदेही बाहेर काढली. भिंत अखेरपर्यंत टिकली. शुद्धीवर आल्यावर अक्कानं मुलगा की मुलगी हे विचारण्याआधी विचारलं, "तो टाका कसा दिसला?"

पुढे आम्ही पुण्याला परतलो, पण जाणं-येणं राहिलं. वैदेहीच्या प्रत्येक वाढदिवसाला अक्का दाराशी तोच उलटा पेरू काढायची, भोवती वेलबुट्टी. येणारेजाणारे विचारत, पेरूच का? ती म्हणे, "आमच्याकडे हाच शुभ."

तेराव्यापर्यंत दारात कोलम घालत नाहीत. चौदाव्या दिवशी पहाटे वैदेहीचा पुन्हा फोन आला. उंबऱ्यापाशी पीठ घेऊन बसली होती. म्हणाली, "शशीताई, पेरू काढला. पण अक्का डावीकडे एक जागा नेहमी रिकामी ठेवायची, वेलसुद्धा वळवून न्यायची. तिथं काय असतं? कट्टी म्हणायची ती तिथंच की? मग कट्टी काढूं?"

अंगणातली ती पहिली रांगोळी पाहिलेली आता मी एकटीच उरले आहे.

"नको गं," मी म्हटलं, "ती काढली. तू व्हायच्या आधीच काढली."