सुमन आणि आबांचं भांडण

सुमन गेल्याचा फोन आला तेव्हा मी दळण आणायला निघाले होते. तशीच गेले, दळण आणलं, डबा भरला आणि मग खाली बसले. या वयात असे फोन येतच राहतात. महिना होत आला... अजून कुणी तिचा विषय काढला की दमल्यासारखं होतं.

परभणीच्या कॉलेजात सुमन आणि मी बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होतो. राज्यशास्त्राच्या सरांनी दोघादोघांनी मिळून एक शोधनिबंध लिहायला सांगितला. आमच्या जोडीसाठी सुमननं फाशीची शिक्षा हा विषय निवडला आणि सरांचा चेहरा उतरला. नामांतराच्या पहिल्या दंगलीत गावात तिच्या थोरल्या भावाला मारलं होतं, हे सगळ्यांना ठाऊक होतं. तिचे वडील, आबा, तिला घेऊन परभणीला आले होते आणि कृषी विद्यापीठाच्या शेतावर रोजानं राबत होते. खटला अजून चालूच होता. वर्गाला वाटलं, पोरगी फाशी मागणार. मलाही तसंच वाटलं. तिनं कागद ओढला आणि आराखड्याच्या डोक्यावर लिहिलं, 'फाशी नसावी.' मी म्हणाले, तुझं डोकं फिरलंय. ती म्हणाली, असंल.

आधी कायदा, मग दोन्ही बाजूंचं म्हणणं आणि शेवटी दोन घरांच्या मुलाखती, असं ठरलं. म्हणजे तिनं ठरवलं आणि मी मान हलवली. एक घर मेलेल्याचं, एक मारणाऱ्याचं. अशी घरं शोधायची कुठं, ही माझी काळजी. तिला ती नव्हतीच. पहिलं घर तिचंच. आबा बाजेवर बसून एवढंच बोलले, की ज्यानं माझा लेक मारला तो लटकलाच पाहिजे, तेवढ्यासाठीच मी जगायलोय. तिनं मान वर न करता ते जसंच्या तसं उतरवून घेतलं.

दुसऱ्या घरासाठी आम्ही देवगाव फाट्याला एसटीतून उतरलो आणि उन्हात चालत तिच्या जुन्या गावी गेलो. तिच्या भावाच्या खटल्यातला आरोपी तुरुंगात होता, त्याची आई दारात बसली होती. आपण कुणाची बहीण, हे सुमननं लपवलं नाही. म्हातारी रडायला लागली. माझा लेक सुटंल का गं बाई, एवढंच पुन्हा पुन्हा विचारत होती. रडता रडताच उठली, पाण्याचा तांब्या आणला आणि माझ्या हातात दिला. फक्त माझ्या. मी तो खाली ठेवला तर सुमन म्हणाली, पी, अजून फाट्यापर्यंत चालायचंय.

सुमनच्या घरी पोचलो तर आम्ही कुठं जाऊन आलो हे आबांना आधीच कळलं होतं.

"पानी दिलं का त्या घरी?"

"हिला दिलं," सुमन म्हणाली.

"आन् तुला?"

"न्हाई."

"तरीबी फाशी नको मनतीस?"

"तरीबी. त्यांच्या वागन्यावर माझं मत ठरायलं तर ते माझं कुटं राह्यलं, आबा?"

आबा उठून बाहेर गेले. त्यानंतर कित्येक महिने ते तिच्याशी बोलले नाहीत. ती भाकरी वाढायची, ते खायचे, बस्स. मग साक्षीदार उलटले आणि आरोपी सुटला. त्या दिवशी आबा पहिल्यांदा तिच्याशी बोलले... म्हणजे भांडले. ते भांडण पुढं थांबलंच नाही. ती वकील झाली, नामांतर झालं, तिचे केस पिकले, पण दर रविवारी सकाळी ती आबांच्या बाजेसमोर खुर्ची ओढून बसायची आणि चहा घेता घेता दोघं फाशीवर भांडायची. मला त्याचा कंटाळा यायचा. खरं सांगायचं तर तिचं म्हणणं मला आजही पुरतं पटलेलं नाही. पण त्या घरात मेलेल्या पोराचं नाव घ्यायला तेवढं एकच निमित्त उरलं होतं, हे आता कळतंय.

गेल्या रविवारी आबांना भेटायला गेले. नव्वदी गाठलीय, ऐकू कमी येतं. खुर्ची बाजेसमोरच होती. मी उभीच राहिले. त्यांनी हातानं खुर्ची दाखवली.

"बस. आता तू सांग, फाशी कामून नको?"

मी बसले आणि सुमनच्या बाजूनं बोलायला लागले.