रिलेच्या अंगाची जागा

अक्षर वाकडं आहे, शुद्धलेखनही चुकेल. माफ करा. शाळा चौथीत सुटली, आणि उजव्या हाताची दोन बोटं आता पुरती वळत नाहीत.

ती कारखान्यातल्या साहेबानं भाजली. सगळ्यांसमोर. माझं मनगट टेबलावर दाबून माझीच तापलेली सोल्डरिंग गन बोटांवर टेकवली. कातडं चरचरलं.

"आता तुमची जात आम्हाला डिझाइन शिकवणार व्हय?"

बारा बायका माना खाली घालून बसल्या होत्या. मी ओरडलेसुद्धा नाही. त्याची लाज आजही वाटते.

आमचा कारखाना शेतीपंपाच्या स्टार्टरचे बोर्ड बनवतो. माझं माहेर हुपरीचं. चांदीच्या पैंजणांचे सांधे तापवून जोडत, डाग देत वाढले, म्हणून हात बसलेला. साहेब कॉम्प्युटरवर बोर्ड काढायचा. कुठला भाग कुठं, त्याचे पाय कुठल्या भोकात, दोन भागांत मोकळी जागा किती. नव्या बोर्डावर त्यानं रिलेच्या, म्हणजे पंप चालू-बंद करणाऱ्या डबीच्या, पायांची भोकं बरोबर काढली, पण रिलेचं अंग केवढं ते धरलंच नाही. शेजारचा कपॅसिटर, वीज साठवणारं पत्र्याचं नळकांडं, बसेना.

"वाकवून बसवा," म्हणाला. आम्ही वाकवले.

चाचणीला वीज सोडली. वाकवलेला पाय शेजारच्या पट्टीला टेकला आणि कपॅसिटर फुटला. त्याची पत्र्याची टोपी उडून माझ्या शेजारी बसणाऱ्या शकीलाआपाच्या गालात घुसली. डोळा बोटभर अंतरानं वाचला.

मी एवढंच म्हणाले होते, "साहेब, पायांची जागा धरलीसा, अंगाची न्हाय धरली." त्यावर हे. वर मालकानं त्या सगळ्या बोर्डांचे पैसे माझ्या पगारातून कापले.

आठ दिवस घरात पडून होते. बोटांतून पू यायचा. डोळे मिटले की मी साहेबाचा गळा दाबत असायची. नवव्या दिवशी उठले, कारखान्यात गेले.

बोर्डाचं खऱ्या मापाचं चित्र भिंतीवर लावलेलं असतं. ते ओढून काढलं. रिले आणि कपॅसिटर त्यावर ठेवून डाव्या हातानं भोवती पेन्सिल फिरवली. दोन्ही रेघा एकमेकींत घुसल्या. कागद आणि माझी पक्कड घेऊन, चपला न काढता, मालकाच्या काचेच्या केबिनमध्ये शिरले. मागोमाग शकीलाआपा.

साहेब तिथंच होता. त्यानं हात उगारला. मी डाव्या हातातली पक्कड वर धरली.

"हात लाव. बोटं तोडून टाकते."

तो मागं सरला. आयुष्यात पहिल्यांदा माझ्यापासून कुणीतरी मागं सरलं.

मालक कागदाकडं बघत राहिला. शकीलाआपा म्हणाल्या, "चित्र हिच्याकडं हाय, गाल मी घेऊन आलोय. कुणाला दाखवायचं ते तुमीच सांगा."

मालकानं ड्रॉवर उघडला. कापलेले सगळे पैसे टेबलावर ठेवले.

"मिटलं न्हवं आता?"

"पगाराचं मिटलं. बोटांचं आन् गालाचं न्हाय."

मी पैसे मोजले. पुरे होते. ते घेतले, कागद घेतला, आणि आम्ही दोघी पोलीस ठाण्याकडे निघालो.