पहिल्या गोलाआधीचा ढोल

...आणि ढोलाचा पट्टा तुटला तो नेमका रेफ्री शिट्टी फुंकायच्या वेळी! काल इथेच तर आपल्या गोष्टीची गाडी अडली होती. तर प्रमिलाबाई देवपुजारी खाली मान घालून, दातात सुतळी धरून पट्ट्याला गाठ मारत बसल्या, आणि तिकडे मैदानात आपल्या भोपाळच्या फुटबॉल संघानं, तालाब एफसीनं, गोल ठोकला. बाईंना दिसलासुद्धा नाही! गॅलरी उसळली तेव्हा त्या दचकून उठल्या, अर्धवट गाठीचा ढोल तसाच पोटाशी धरून वाजवत सुटल्या, आणि तो सामना तालाबनं जिंकला. त्याच्या आदल्या सामन्यात मात्र पहिल्या मिनिटापासून हात दुखेस्तोवर वाजवलं होतं आणि चार गोल खाल्ले होते. झालं! त्या दिवशी पूर्व गॅलरीत नियम ठरला. तालाबचा पहिला गोल होईपर्यंत ढोलावर टिपरू पडायचं नाही. नियम केला प्रमिलाबाईंनी, आणि तो डोळ्यांत तेल घालून पाळला त्यांच्या शेजारी ताशा वाजवणाऱ्या भालचंद्रांनी.

आता तुम्ही म्हणाल, काय हा खुळेपणा! पण त्या वर्षी तालाबनं लीग जिंकली. पुढच्या वर्षी जिंकली. त्याच्या पुढच्याही वर्षी. त्या काळात गोल इतका चटकन व्हायचा की लोक अजून खुर्चीवरची धूळ झटकत असायचे. मिनिट-दोन मिनिटं गप्प बसायचं आणि मग सामनाभर धुमाकूळ. असल्या नियमाचा त्रास तो कुणाला होणार?

या प्रमिलाबाई म्हणजे मोठं झकास माणूस. आजोबा नागपूरहून सरकारी कचेरीबरोबर भोपाळला आले, ते कुटुंब इथलंच झालं. बाईंचा जन्म इथला, त्यामुळे मराठी बोलता बोलता त्यांना मध्येच हिंदीची उचकी लागते. साकेत नगरच्या बाजूला इस्पितळात त्यांनी उभा जन्म नर्स म्हणून काढला. निवृत्त होऊन आनंद नगरात राहायला आल्या तरी भाजीवाल्यापासून गॅलरीतल्या पोरांपर्यंत सगळे त्यांना सिस्टरच म्हणतात. ढोल त्या मराठी मंडळाच्या गणपतीत शिकल्या, तोही पन्नाशीनंतर. आवाज असा की वॉर्डातला घोरणारा माणूस कुशीवर वळावा. आणि एक खोड. कुणी काही विचारलं की गोल गोल बोलायच्या नाहीत. पेशंटचे नातेवाईक बाकीच्यांना सोडून त्यांना कोपऱ्यात गाठायचे, “सिस्टर, खरं सांगा.” आणि त्या खरं सांगायच्या. मग शेजारी बसून चहा पाजायच्या, ही गोष्ट वेगळी.

यंदा मात्र तालाबचं काहीतरी बिनसलं. एकदम हरले असते तरी बरं होतं. तसं नाही. जिंकत आलेले सामने शेवटी बरोबरीत सुटायला लागले. एका गोलाची आघाडी घ्यायचे आणि ती राखता राखता धापा टाकायचे. आपल्या मैदानावर तर पहिला गोलच होईना. गॅलरी नियमानं गप्प. ढोल मांडीवर, ताशा कुशीत, झांजा पदराखाली. एका सामन्यात तर लोक शेवटपर्यंत तसेच बसून घरी गेले, एखाद्याच्या दहाव्याला आल्यासारखे.

गावात दुसरा विषय नाही. मीठ घातलेल्या सुलेमानी चहाच्या कपापाशी उभं राहावं तर तीच चर्चा. करोंद मंडीतले धान्याचे व्यापारी म्हणायचे, पोरांची पोटं भरली, भूक मेली. कारखान्यातून निवृत्त झालेले फोरमन भालचंद्र म्हणायचे, मशीन तेच आहे, फक्त तेलपाणी पाहिजे. गॅलरीत झांज वाजवणारी मंजूषा, कॉलेजातली चटपटीत मुलगी, ती म्हणायची, “अंकल, टीम बूढी हो गई है, सिंपल.” मग भालचंद्र तिच्याशी तासभर भांडायचे आणि शेवटी तिलाच जलेबी खाऊ घालायचे.

मोसमातला शेवटचा सामना घरच्या मैदानावर होता. समोर दक्षिणेतला तगडा संघ. जिंकलो तर चौथ्यांदा चषक आपला, बरोबरी झाली तरी त्यांचा. त्या दिवशी सकाळी प्रमिलाबाई पोहे परतत होत्या आणि दारात समीर उभा.

समीर म्हणजे तालाबचा कप्तान. साकेत नगरातल्या एका मराठी कारकुनाचा मुलगा, वय तेहतीस. पहिला चषक जिंकायच्या आधी त्याच्या गुडघ्याचं मोठं ऑपरेशन झालं होतं आणि तो प्रमिलाबाईंच्याच वॉर्डात होता. भेटायला येणारा प्रत्येक जण ‘दोन महिन्यांत पळशील’ म्हणायचा. या बाई उशी सारखी करताना म्हणाल्या होत्या, “पळशील. पण आधी सहा महिने रडशील.” तसंच झालं. तेव्हापासून त्याचा त्यांच्या जिभेवर फार विश्वास.

बाईंनी ताटली भरली. समीर चमच्यानं शेव बाजूला सारत बसला.

“सिस्टर, एक विचारू? खरं सांगाल?”

“आधी खा. लिंबू पिळू का?”

“आम्ही उतरणीला लागलोय का?”

बाईंच्या हातातलं लिंबू तसंच राहिलं. “अरे, मला काय विचारतोस? कोचना विचार.”

“कोच म्हणतात, जाईल ही वेळ. पेपरवाले म्हणतात, संपले. बाबा म्हणतात, बाहेरचं खाणं बंद कर. सगळे आपापलं बोलतात. तुम्ही मला कधी फसवलं नाही.” त्यानं चमचा खाली ठेवला. “टीम उतरणीला लागली असेल तर ती माझ्यापासून लागली. सगळ्यांत जुना मीच. पुढच्या मोसमात खेळणार की नाही, ते क्लबला उद्या सांगायचंय. तुम्ही हो म्हणालात, तर मी बूट ठेवतो.”

“वा रे! म्हणजे तुझे बूट माझ्या गळ्यात?”

“तुमच्याच. सांगा.”

“संध्याकाळी सांगते. सामना बघून.”

“पळवाट काढताय, सिस्टर.”

“काढतेय. पोहे गार होतायत.”

तो हसला, पोहे संपवले, वाकून नमस्कार केला आणि गेला. बाई मात्र त्या दिवशी दुपारी पडल्या नाहीत. खोटं बोलायची सवय नाही, आणि खरं काय ते माहीत नाही. आयुष्यात पहिल्यांदाच असं झालं होतं. पेशंट समोर आहे, नाडी हातात आहे आणि कळत काहीच नाही.

संध्याकाळी गॅलरी खचाखच भरली. मंडीतून थेट आलेल्या हमालांच्या अंगावर अजून गव्हाचा भुसा होता. शिट्टी झाली आणि नियमाप्रमाणे पूर्व गॅलरीनं तोंड मिटलं.

ती शांतता काही बरी नव्हती. इतकी की समोरच्या संघाचा गोलकीपर आपल्या माणसांना हाका मारायचा त्या इकडे लख्ख ऐकू यायच्या. आपल्या पोरांच्या कानावर दुसरं काही नव्हतंच! घरच्या मैदानावर पाहुण्यांचाच आवाज. तालाबचे पास दोन हात मागे पडत होते. समीरकडे चेंडू आला की तो क्षणभर मान वळवून गॅलरीकडे बघायचा, आणि तेवढ्यात चेंडू जायचा.

मध्यंतराच्या थोडं आधी कॉर्नर आला, आपले दोघे एकमेकांवर आदळले आणि पाहुण्यांनी डोक्यानं चेंडू जाळ्यात घातला.

“मावशी, प्लीज यार, कुछ तो करो,” मंजूषा झांज दाबून धरत म्हणाली. “श्मशान लग रहा है.”

“अगं, शुभ बोल की!” भालचंद्र ओरडले. “गोल होऊ दे. मग वाजव काय वाजवायचं ते.”

“और नहीं हुआ तो, अंकल?”

“होणार. तीन वर्षं झाला, आजच नाही होणार?”

उत्तरार्ध सुरू झाला.  प्रमिलाबाई समीरच्या मानेकडे बघत होत्या. पुन्हा वळली. पुन्हा. ही मान त्यांनी कुठंतरी पाहिली होती. वॉर्डात, रात्रपाळीला. पेशंट घंटी दाबतो, दाराकडे बघतो, पुन्हा दाबतो, आणि नर्सच्या खुर्चीत कुणी नाही.

बाई खुर्चीत पुढे सरकल्या. गेली तीन वर्षं आपण करत काय आलो? ताप उतरला की औषध! पोरं धडधाकट होती तेव्हा ढोल, आणि आज त्यांचा श्वास अडकलाय तर आपण हात बांधून बसलोय.

हात टिपराकडे गेला. आणि तिथेच थांबला.

नियमाची भीती नव्हती हो त्यांना. भीती वेगळीच होती. आत्तापर्यंत म्हणायला जागा होती की गॅलरी गप्प आहे म्हणून पोरं ढेपाळलीत. एकदा वाजवलं आणि तरीही पाय हलले नाहीत, तर ती जागा गेली. मग समीरला आपल्याच तोंडानं ‘हो’ म्हणावं लागणार आणि तो बूट काढून ठेवणार. ढोल मांडीवर आहे तोवर उत्तरही मांडीवर. खरं बोलण्यात जन्म काढलेली ही बाई खरं कळू नये म्हणून हात आवरत होती. घड्याळ पळत होतं. पाहुण्यांचा एक फटका खांबाला लागून परत आला तेव्हा आख्ख्या गॅलरीच्या छातीत कळ आली.

प्रमिलाबाई उभ्या राहिल्या. पट्टा खांद्यावर चढवला.

भालचंद्रांनी ढोलाच्या पानावर पंजा ठेवला. “प्रमिलाताई, काय करताय? नियम तुमचाच आहे!”

“माझाच आहे, म्हणून तर मोडतेय. हात काढा, भालचंद्र.”

“लोक म्हणतील, तुमच्यामुळे चषक गेला.”

“म्हणू देत. हात काढा, नाहीतर बोटांवर बसेल.”

भालचंद्रांनी हात काढला. आणि धम्म! एकच ठोका. सारी गॅलरी देवळात कुणी चप्पल घालून शिरावं तशी बाईंकडे बघायला लागली. दुसरा ठोका. तिसरा. एकटा ढोल, ताशा नाही, झांज नाही. मागून कुणीतरी ओरडलं, “अरे, रोको इनको!” मंजूषानं त्या माणसाकडे पाठ केली आणि झांज उघडली. भालचंद्र ओठ चावत होते. मग त्यांच्याच्यानं राहवेना. “मरू दे!” म्हणाले, आणि काड्या ताशावर अशा कडाडल्या की पुढच्या रांगेतली माणसं दचकून उठली आणि उठली ती बसलीच नाहीत.

मैदानात समीरनं मान वळवली. या वेळी ती लगेच परत फिरली.

पुढची पंधरा-वीस मिनिटं काय सांगू तुम्हाला! जुना तालाब. पास पायाला चिकटलेले, पाहुणे आपल्याच गोलापाशी कोंडलेले. गोलकीपर हाका मारत होता, पण आता त्याच्याच माणसांना ऐकू जात नव्हत्या. डावीकडून समीरनं चेंडू असा काढून दिला की अमित नावाच्या नव्या खेळाडूला फक्त पाय लावायचा होता. एक-एक! भालचंद्र रडत होते, हसत होते आणि ताशा वाजवत होते, सगळं एकदम.

अजून एक गोल. फक्त एक. बाईंच्या तळहाताची साल निघाली होती. शेवटी शेवटी एक लांब पास आला. समीर सुटला. समोर मोकळं मैदान, पुढे एकटा गोलकीपर. ढोल छाती फोडून वाजत होता. समीर धावला, जीव खाऊन धावला, आणि चेंडू त्याच्या बुटाच्या टोकापुढून निसटून बाहेर गेला. गेल्या वर्षी तो तिथे आधी पोचून चेंडूची वाट बघत उभा राहिला असता. बाईंनी ते पाहिलं. ठोका मात्र त्यांनी चुकवला नाही.

सामना बरोबरीत सुटला. चषक पाहुण्यांनी उचलला.

मागच्या रांगेतला एक जण पुटपुटला, “सिस्टरने नियम तोडा, इसलिए गया.” भालचंद्र गर्रकन वळले आणि भोपाळी हाक घालून म्हणाले, “को खाँ, नियम पाळला असता तर एकही झाला नसता. गप बैस!” मंजूषानं त्यांच्याकडे डोळे मोठे करून पाहिलं. “काय बघतेस?” ते म्हणाले. “तेलपाणी म्हणालो होतो ना मी? हेच ते!”

गॅलरी ओसरली. प्रमिलाबाई ढोलाचा पट्टा सोडत होत्या तेव्हा जाळीच्या पलीकडे समीर येऊन उभा राहिला. बूट हातात, मोजे घोट्यापर्यंत उतरलेले. त्यानं जाळीत बोटं अडकवली.

“सिस्टर, सामना झाला. आता सांगा. उतरणीला लागलोय ना आम्ही?”

बाईंनी ढोल खाली ठेवला, जाळीजवळ गेल्या, आणि त्याच्या डोळ्यांत बघून म्हणाल्या:

“लागलायत. आणि तुझा गुडघाही लागलाय. तो शेवटचा पास मी बघितला, तूही बघितलास, तेव्हा खोटं कशाला बोलू? पण समीर, वॉर्डात एखादा पेशंट उतरणीला लागला म्हणून मी त्याला कधी घरी नाही पाठवला रे. उलट त्याची खाट माझ्या टेबलाजवळ ओढून घेतली. पूर्ण वेळ नको खेळूस, अर्धा खेळ, त्या अमितला तुझे पास शिकव. बूट कधी ठेवायचे ते तुझ्या पायांना विचार, माझ्या तोंडून काढून घेऊ नकोस. तुमचा श्वास अडकला तेव्हा आम्ही गोल व्हायची वाट बघत बसलो, ती चूक आमची. पुढच्या मोसमात तू मैदानात अस नाहीतर बाकावर, मी पहिल्या शिट्टीच्या आधीच सुरू करणार आहे.”